अनारशाची जाळी बघून अंगावर काटा येतो. तुमची कुणाला न सांगितलेली भीती कोणती?

मधुरा_वाई
दिवाळी तीन आठवड्यांवर आली आणि माझ्या पोटात गोळा आला आहे. कारण फराळाचं काम नाही, कारण अनारसे.

आमच्या सासूबाई अनारसे सुंदर करतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सुती फडक्यावर वाळवायचे, कांडायचे, गूळ घालून गोळा मुरवत ठेवायचा. विकतचा फराळ त्यांना चालत नाही. फक्त वाती तेवढ्या शेजारच्या काकू वळून देतात, बाकी सगळं घरचं. तर अनारसा तुपात सोडला, वरून झाऱ्याने तूप उडवलं, की त्याला ती बारीक भोकांची जाळी पडते. सगळे म्हणतात "वा, काय जाळी पडलीय!" आणि माझ्या मानेपासून दंडापर्यंत शहारा येतो, तोंडाला पाणी सुटतं (मळमळीचं), हात खसाखसा चोळावेसे वाटतात. मी काहीतरी निमित्त काढून गॅलरीत जाते. लग्नाला नऊ वर्षं झाली, नऊ दिवाळ्या मी गॅलरीत आहे. सासूबाईंना वाटतं मला त्यांचे अनारसे आवडत नाहीत. एकदा "नखरे" हा शब्दही ऐकला.

हे फक्त अनारशांचं नाही. कमळाचं बोंड, मधाचं पोळं, भिजून फुगलेला स्पंज. साप, पाल, अंधार, उंची यातलं मला कशाचंच काही वाटत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशी लोकांना विचित्र वाटणारी भीती तुम्हाला कुणाला आहे का? आणि घरात सांगितलीत का, कशी सांगितलीत?

जाईजुई
+१. आंबोळी उलटली की मी डोळे मिटते. चवीला मात्र जगात तिच्यासारखं काही नाही, म्हणून चटणी वर पसरून जाळी झाकते आणि मग खाते. तू एकटी नाहीस गं.

स्पष्टवक्ता
राग मानू नका, पण आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं. चौदा माणसांच्या घरात कुणाला भोकांची भीती वाटायला सवड नव्हती. एकदा मन घट्ट करून पाच मिनिटं जाळीवर हात ठेवा. जाईल भीती.

टेकडीवरचा
मधुराताई, याला ट्रायपोफोबिया म्हणतात. ग्रीक 'त्रिपा' म्हणजे भोक. खाली कमळाच्या बोंडाचा फोटो टाकलाय, हेच ना?
[फोटो सदस्याने काढून टाकला आहे]

जाईजुई
अहो दादा, धागा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच तोंडावर फोटो? काढा आधी!

टेकडीवरचा
काढला. मनापासून क्षमस्व. माहिती देण्याच्या भरात लक्षातच आलं नाही.

नाडी_आणि_गाठ
नऊ वर्षांत हा माझा इथला तिसरा प्रतिसाद असेल, पण या विषयावर गप्प बसवत नाही.

मला शर्टाच्या गुंड्यांची भीती वाटते. तो इंग्रजी शब्द मी लिहीत नाही, लिहिताना बोटांना नको होतं. सगळ्यात वाईट म्हणजे प्लॅस्टिकची, चार भोकांची, दोऱ्यातून सुटून लोंबणारी. जीन्सची धातूची एक वेळ सहन होते. लहानपणी आजीच्या शिलाई मशीनच्या खणात एक बिस्किटांचा डबा होता, त्यात जुन्या कपड्यांवरून काढून ठेवलेल्या शेकडो. डबा हलला की होणारा तो खुळखुळाट मला आजही झोपेतून उठवू शकतो. शाळेचा गणवेश सहावीपर्यंत आईने घातला, मी डोळे मिटून उभा राहायचो. वडील म्हणायचे "घोडा झालास, गुंड्या लावता येत नाहीत?" येत होत्या. हात लावायचा नव्हता.

नोकरी अशी निवडली की टी-शर्ट चालतो. लग्नात बाराबंदी घातली, कारण तिला बंद असतात, नाड्या. सगळे म्हणाले पोराने परंपरा जपली. बायकोला खरं ठाऊक होतं, साखरपुड्याच्या आधीच सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मग माझ्या ब्लाऊजना हुक असतात, बरं झालं." त्या क्षणी मला जे हलकं वाटलं ते आजही शब्दांत मांडता येत नाही.

मधुराताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: सांगा. आणि दिवाळीच्या दिवशी कढईसमोर नको, आधी सांगा.

निशिगंध
मी समुपदेशक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

@नाडी_आणि_गाठ, तुमच्या भीतीची नोंद शास्त्रीय साहित्यात आहे. २००२ साली अमेरिकेत नऊ वर्षांच्या एका मुलाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांचा असताना बालवर्गात चित्राला गुंड्या चिकटवायचं काम होतं. त्याच्याजवळच्या संपल्या, बाईंच्या टेबलावरच्या वाडग्यातून घ्यायला गेला आणि हात घसरून सगळा वाडगा त्याच्या अंगावर सांडला. तिथून सुरुवात. पुढे त्याला स्वतःचे कपडे घालता येईनात, वर्गात लक्ष लागेना.

यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढची. उपचार करणाऱ्यांनी त्याला पायरीपायरीने गुंड्या हाताळायला लावलं. तो हाताळू लागला, पण त्याचा त्रास मात्र कमी होण्याऐवजी वाढला. मग खोलात विचारल्यावर कळलं की मुळात ही भीती नाहीच, किळस आहे. त्याला त्या घाणेरड्या वाटत होत्या, त्यांना वास येतो असं वाटत होतं. मग त्या किळसवाण्या कल्पनांवरच काम केलं आणि मुलगा सुटला.

मधुराताईंचं वर्णन परत वाचा: शहारा, मळमळ, हात चोळावेसे वाटणं. कुठेही "छाती धडधडली, पळून जावंसं वाटलं" असं नाही. साप बघून माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. २०१८ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात भोकांची चित्रं दाखवली तेव्हा बाहुल्या उलट आकसल्या. म्हणजे शरीर पळायच्या तयारीत नव्हतं, आक्रसून घेत होतं. ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठाच्या संशोधकांचं म्हणणं असं की अशा पुंजक्यांनी त्वचारोग, गोचिड्या, पुरळ यांची आठवण जागी होते आणि म्हणून अंग खाजल्यासारखं वाटतं. एसेक्स विद्यापीठाच्या कोल आणि विल्किन्स यांचं मत वेगळं होतं. निळ्या कड्यांच्या ऑक्टोपससारख्या विषारी प्राण्यांच्या अंगावरची नक्षी आणि ही भोकं डोळ्याला सारखी भासतात, असा त्यांचा तर्क. त्यांच्या २०१३ च्या अभ्यासात २८६ लोकांना कमळाचं बोंड दाखवलं, तर १६ टक्के लोकांना ते बघवेना. म्हणजे पंचवीस जणांच्या पंगतीत चार! मानसोपचाराच्या अधिकृत यादीत मात्र याला अजून स्वतंत्र जागा नाही.

म्हणून मला 'भयगंड' हा शब्द इथे तोकडा वाटतो. आपल्याकडे 'शिसारी' हा नेमका शब्द आहे, तो वापरूया.

मधुरा_वाई
शिसारी! हाच शब्द मला नऊ वर्षं सापडत नव्हता. "भीती वाटते" म्हटलं की लोक हसतात, कारण अनारशाला कोण भितं?

स्पष्टवक्ता
निशिगंधताई, माहिती चांगली आहे. पण माझा मुद्दा तिथेच आहे. पाण्यात ढकलल्याशिवाय पोहणं येत नाही. हळूहळू म्हणत बसलं तर माणूस आयुष्यभर काठावर.

अबोली
स्पष्टवक्ता काका, मला असंच विहिरीत ढकललं होतं. आठ वर्षांची होते, कमरेला डबा बांधलेला होता, काका वर हसत उभे होते. मी आज एकेचाळीस वर्षांची आहे आणि आंघोळीला डोक्यावर सरळ तांब्या ओतून घेऊ शकत नाही. मान मागे करून, हाताने थोडं थोडं.

निशिगंध
@अबोली, फार वाईट वाटलं वाचून.

@स्पष्टवक्ता, तुमच्या मुद्द्याचा इतिहास शंभर वर्षांचा आहे. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवला. बाळ उंदराला हात लावायला गेलं की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचे. थोड्याच दिवसांत बाळ नुसता उंदीर बघून रडू लागलं, मग ससा बघूनही. भीती कशी बसते ते जगाला कळलं, पण त्या बाळाची भीती कुणी काढली नाही.

चार वर्षांनी मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या तीन वर्षांच्याही आतल्या मुलाची सशाची भीती घालवली. पीटर आवडीचा खाऊ खात बसलेला असताना ससा पिंजऱ्यात, खोलीच्या दूरच्या टोकाला. मग थोडा जवळ. मग अजून जवळ. मुलगा बिथरला की थांबायचं. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला. आजचे उपचार याच वाटेने आले.

जलद उपचारही आहेत. स्वीडनचे लार्स-योरान ऑस्ट यांची एकाच बैठकीत, साधारण तीन तासांत, भीतीला सामोरं जायची पद्धत आहे. पण त्यातही प्रत्येक पायरीला आधी सांगतात, आधी उपचारक स्वतः करून दाखवतो, आणि रुग्ण 'हो' म्हणाला तरच पुढे. विहिरीत ढकलण्यात आणि यात फरक त्या 'हो'चा आहे.

वाशिष्ठीकाठ
मी चिपळूणकडचा. आमच्याकडे शिमग्यात खेळे येतात, त्यात संकासुर. अंगभर काळे कपडे, डोक्यावर निमुळता टोकदार मुखवटा, कमरेला घुंगरू. लोक त्याला मानतात, लहान पोरं त्याच्या पायावर घालतात. मलाही घातलं होतं म्हणे. मला आठवतं ते एवढंच, की पुढच्या प्रत्येक शिमग्याला मी माळ्यावर भाताच्या कणगीमागे जाऊन बसायचो आणि घुंगरांचा आवाज पार वाडीबाहेर जाईपर्यंत श्वास दाबून धरायचो.

आता पन्नाशीला आलो. भीती उंचीने कमी झाली पण गेली नाही. मॉलमध्ये अस्वलाचा वेष घालून हात मिळवायला येणारे असतात ना, मी रस्ता बदलतो. नातू म्हणतो "आजोबा, आत माणूस आहे." माणूस आहे हेच तर! तोंड दिसत नाही, तो कुठे बघतोय ते कळत नाही.

निशिगंध
वाशिष्ठीकाठ काका, वेष घेतलेल्या पात्रांची भीती अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात लहान मुलांच्या बाबतीत मोठ्या आवाजांच्या शेजारी चक्क नोंदवलेली आहे. माळ्यावर तुम्ही एकटे असाल, यादीत नाही.

मेरीलँडचा_मावळा
पुलांच्या भीतीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. इथे चेसापीक उपसागरावर पूल आहे, सुमारे ७ किलोमीटर लांब, १९५२ चा. मधे चांगलाच उंच चढतो आणि कडेचे कठडे गाडीतून बुटके दिसतात. ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याला तो ओलांडता येत नाही. तर इथे पैसे घेऊन तुमचीच गाडी पलीकडे नेऊन देणारे चालक मिळतात! तुम्ही शेजारी बसायचं, हवं तर डोळे मिटायचे. मिशिगनमधल्या मॅकिनॉ पुलावर तर पूल चालवणारी संस्थाच अशी सोय देते.

मला यातलं आवडलं ते हे, की तिथे कुणी "एवढा मोठा माणूस आणि पुलाला भितो?" म्हणत नाही. गाडीची किल्ली घेतात आणि पलीकडे सोडतात.

तुषार_बीड
आमच्या आजीला होडीचं असंच होतं. नदीपलीकडे माहेर, होडीने दहा मिनिटं. ती बैलगाडीने लांबच्या फरशीवरून वळसा घालून जायची, अर्धा दिवस मोडायचा. लोक म्हणायचे बाहेरची बाधा आहे. देवऋषाकडे नेलं, लिंबू उतरवलं, अंगारा लावला. स्पष्टवक्ता काका, तेव्हाही होतं हे सगळं. नाव दुसरं होतं.

शिरीष_कंदील
रक्त. मला रक्त दिसलं की मी आडवा. माझे वडील तसेच, थोरली बहीण तशीच. कॉलेजात रक्तदान शिबिरात मित्राला सोबत म्हणून गेलो आणि खाट मलाच द्यावी लागली. यावर काही आहे का ताई?

निशिगंध
आहे, आणि याचा उपाय मला सगळ्यात आवडतो कारण घरी शिकता येतो.

बाकीच्या भीतींमध्ये रक्तदाब वाढतो, म्हणून "घाबरून चक्कर येईल" असं वाटलं तरी सहसा येत नाही. रक्त, इंजेक्शन, जखम यांच्या भीतीत मात्र दाब आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळतो. घराण्यात चालत येणं हेही तिचं वैशिष्ट्य. म्हणून इथे "अंग सैल सोड, शांत हो" हा सल्ला उलटा पडतो. अंग आवळायचं! बसून हात, पाय, पोट यांचे स्नायू १० ते १५ सेकंद घट्ट आवळा, चेहरा गरम झाल्यासारखा वाटला की सोडा, २०-३० सेकंद नेहमीसारखं बसा, परत आवळा. असं पाच वेळा. ही युक्ती वर सांगितलेल्या ऑस्ट यांनीच रुजवली. आधी घरी सरावाने बसवा, मग लॅबमध्ये वापरा. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

जाईजुई
वाचनखूण साठवली. लेकीला पुढच्या महिन्यात इंजेक्शन आहे.

क्योटोची_चिमणी
इथे जपानमध्ये चार या आकड्याचा उच्चार 'शी', आणि मृत्यूलाही 'शी'. नऊ म्हणजे 'कु', तोच उच्चार यातनेचाही. त्यामुळे काही दवाखान्यांत ४ आणि ९ नंबरच्या खोल्याच नसतात. चारच्या भीतीला टेट्राफोबिया म्हणतात.

टेकडीवरचा
माझ्या मते तो फोबिया नाही, तो संकेत झाला. आपण 'दुकान बंद केलं' न म्हणता 'वाढवलं' म्हणतो, कुंकू 'संपलं' म्हणत नाही. म्हणून काही आपल्याला कुंकवाच्या रिकाम्या डबीचा भयगंड नसतो.

क्योटोची_चिमणी
बऱ्याच अंशी मान्य. पण माझी शेजारीण चौथ्या मजल्यावरचं स्वस्त घर सोडून तासभर लांब राहायला गेली. आकड्यापायी रोजचे दोन तास! संकेत कुठे संपतो आणि त्रास कुठे सुरू होतो?

निशिगंध
ओळ साधारण तिथेच आहे, जिथे आयुष्य अडतं. सहा महिने किंवा जास्त टिकलेली, धोक्याच्या मानाने फार मोठी, आणि नोकरी, शाळा, घर, नाती यात अडथळा आणणारी असेल तर उपचार घ्यावेत. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

वैद्य_वेल्हेकर
थोडं अवांतर, पण सांगायलाच हवं. नावात फोबिया असून फोबिया नसलेला एक आजार म्हणजे हायड्रोफोबिया. कुत्रा चावून रेबीज झालेल्या माणसाला पाणी दिसलं की घशाचे स्नायू असह्य आवळतात. ती मनाची भीती नव्हे, मेंदूचा संसर्ग आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात याला 'जलत्रास' म्हटलंय आणि ते असाध्य लक्षण मानलंय. आजही लक्षणं सुरू झाल्यावर हातात जवळजवळ काही उरत नाही. म्हणून कुत्रा चावला तर जखम १५ मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. हळद, चुना, मिरची काही भरू नका.

फळा_आणि_खडू
पहिलीच्या वर्गाला शिकवते. वाढदिवसाला फुगे लावले की आमच्याकडचा एक मुलगा दाराबाहेर उभा राहायचा, दोन्ही हात कानांवर. फुटण्याचा आवाज नको असं नाही, तो *कधी* येईल ते कळत नाही, हे त्याने मला स्वतःच्या शब्दांत सांगितलं: "बाई, तो सांगून फुटत नाही."

मग आम्ही दोघांनी मधल्या सुट्टीत न फुगवलेल्या फुग्यापासून सुरुवात केली. नुसता ताणायचा. मग अर्धा फुगवून, गाठ न मारता, त्याच्या हाताने हवा सोडायची. फुर्र आवाज त्याला आवडला. किती फुगवायचा ते तोच ठरवायचा. जूनमध्ये सुरू केलं, परवा एका वाढदिवसाला तो वर्गात बसला, दाराजवळच्या बाकावर, पण आत. मी घरी येऊन रडले.

स्पष्टवक्ता
दोन दिवस इथे काही लिहिलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला मांजर चालत नसे. आम्ही भावंडं मुद्दाम पिल्लू तिच्या पांघरुणात सोडायचो आणि हसायचो. काल तिला फोन केला, तब्बल पन्नास वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, "दादा, मी अजून झोपताना पांघरूण झटकते." मी तिची माफी मागितली. अबोलीताई, तुमचीही मागतो. विहिरीचं उदाहरण मी विचार न करता दिलं.

अबोली
काका, पोहोचलं. बहिणीला दिवाळीत भेटून या.

मधुरा_वाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सांगितलं.

नाडी_आणि_गाठ म्हणाले तसं, कढईसमोर नाही. दुपारी सासूबाई गहू निवडत होत्या, मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, तुमचे अनारसे मला वाईट वाटत नाहीत. मला त्या जाळीची शिसारी येते. अंगावर काहीतरी फुटून आल्यासारखं होतं." त्यांचा हात सुपावर थांबला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मला वाटलं आता संपलं.

मग म्हणाल्या, "मला कापूस."

मला कळेना. म्हणाल्या, कापूस पिंजताना बोटांत जो कोरडा चर्र होतो, तो सहन होत नाही, दातांच्या मुळांपर्यंत जातो. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी पहिल्याच श्रावणात लक्ष वातींचा घाट घातला होता. त्या रात्री चुलीमागे रडल्या. पुढे शेजारच्या काकूंशी गुपचूप ठरलं: काकूंनी वाती वळायच्या, बदल्यात यांनी त्यांना अनारशाचं पीठ करून द्यायचं. चाळीस वर्षं हेच चालू आहे आणि सासऱ्यांनाही माहीत नाही. औषधाच्या बाटलीतला कापसाचा बोळासुद्धा त्या चिमट्याने काढतात. हे मी नऊ वर्षं बघतेय आणि मला वाटायचं स्वच्छतेसाठी.

यंदा ठरलंय असं: अनारसे त्या दुपारी मी ऑफिसात असताना तळणार आणि जाळीची बाजू खाली करून झाकणाच्या डब्यात ठेवणार. मी आज संध्याकाळी कापूस घेऊन बसलेय. काकूंचे गुडघे आता दुखतात, त्यांनाही सुट्टी. पण माझ्या वाती सैल होतायत, निरांजनात टाकल्या की उलगडतात. काय चुकतंय?

फळा_आणि_खडू
बोटांना चिमूटभर रांगोळी किंवा दुधाचा थेंब लाव, आणि कापूस आधी लांब ओढून सारखा करून घे. तळहातावर वळू नकोस, मांडीवर वळ, एकाच दिशेने.

नाडी_आणि_गाठ
आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.